बॅटरी उपाशी ठेवू नये

होडीवरची बॅटरी सहसा वापराने मरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने मरते. या प्रकरणातले पुढचे सारे या एका वाक्यातून निघते. सोलर पॅनेल किती वॅटचे घ्यावे, ते कुठे बसवावे, वायर किती जाडीची असावी, पावसाळ्यात काय करावे, या प्रश्नांची उत्तरे बॅटरीची भूक समजली की सापडू लागतात.

ती समजून घ्यायला चारकोपचा किनारा योग्य जागा आहे. १९८०च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या चारकोपच्या सेक्टरांच्या पश्चिमेला तिवरांचे रान लागते आणि रानापलीकडे मनोरीची खाडी. समोरच्या काठावर गोराई आणि मनोरी, खाडीच्या तोंडाशी मार्वे, त्याखाली मढ. या पट्ट्यात होडी ही रोजच्या कामाची वस्तू आहे. मार्वे ते मनोरी आणि बोरिवलीच्या गोराई जेट्टीपासून गोराई गावापर्यंत माणसे होडीतूनच खाडी ओलांडतात. मासेमारीच्या होड्या भरती-ओहोटी पाहून बाहेर पडतात. नांगरावर उभ्या असलेल्या या होड्यांना विजेचा सॉकेट नसतो. इंजिन बंद झाले की पुढची सगळी वीज बॅटरीतूनच यायची असते.

आणि बॅटरीवरचा भार दरवर्षी वाढतो आहे. पूर्वी होडीवर एखाद-दुसरा दिवा असे. आता लाल, हिरवे, पांढरे दिशादर्शक दिवे, जीपीएस, मासे शोधणारा फिशफाइंडर, वायरलेस सेट, तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप आणि सगळ्यांचे मोबाइल एकाच बॅटरीवर चालतात. त्यात ट्रान्सपाँडरची भर पडली आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठीच्या दळणवळण यंत्रणेची देशव्यापी योजना सुरू झाली. इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर तेरा किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख नौकांवर बसवायचे, असे तिचे उद्दिष्ट. मोबाइलला रेंज नसलेल्या समुद्रातून उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारे हे यंत्र आहे. पण बॅटरी उतरली असेल तर ते केवळ एक डबा उरते.

भूक म्हणजे काय

फ्रान्सच्या गास्तोन प्लांते याने १८५९ साली शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांची बॅटरी बनवली. खाडीतल्या बहुतेक होड्यांवर आजही त्याच जातीची बॅटरी असते. तिच्यात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या आम्लात बुडवलेल्या असतात. वीज बाहेर काढताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर चढतो आणि आम्ल पातळ होते. चार्ज करताना तो थर विरघळतो आणि आम्ल पुन्हा दाट होते.

हा थर ताजा असताना त्याचे स्फटिक बारीक असतात आणि सहज विरघळतात. तो तसाच पडून राहिला तर स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात. मग कितीही चार्ज केले तरी पट्टीचा तेवढा भाग कामाला येत नाही. बॅटरी ‘बसली’ असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा अनेकदा हेच झालेले असते. एका रात्री तीस टक्के वापरलेली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण भरलेली बॅटरी कित्येक वर्षे टिकते. दहाच टक्के वापरून महिनाभर तशीच ठेवलेली बॅटरी मात्र झिजत राहते.

भूक मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर काहीही न जोडता ठेवलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ‘बारा व्होल्ट आहेत, म्हणजे ठीक आहे’ हा समज बॅटरीला सर्वांत महागात पडतो. बारा म्हणजे ठीक नाही. बारा म्हणजे जवळजवळ रिकामी.

इंजिनचे काम, उन्हाचे काम

इंजिनला अल्टरनेटर असतो, मग वेगळे पॅनेल कशाला, असा प्रश्न कुणीही विचारेल. याचे उत्तर बॅटरी भरण्याच्या पद्धतीत आहे. सकाळी कांदिवलीहून सुटणाऱ्या लोकलचा डबा आठवा. पहिले प्रवासी धावत आत शिरतात. शेवटच्या चार जागा भरताना मात्र सरकून घेणे, बॅग वर ठेवणे, चौथी सीट मागणे चालते आणि वेळ जातो. बॅटरीही पहिल्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मोठा प्रवाह भराभर घेते. नंतरच्या वीस टक्क्यांसाठी तिला सुमारे १४.४ व्होल्टचा दाब कित्येक तास लागतो आणि त्या काळात ती आत घेत असलेला प्रवाह कमी कमी होत जातो.

खाडी ओलांडायला लागतात काही मिनिटे. जवळच्या जाळ्यांवर जाऊन येणारी होडीही इंजिन मोजकेच चालवते. एवढ्या वेळात अल्टरनेटर बॅटरीला ऐंशी टक्क्यांच्या आसपास नेतो आणि इंजिन बंद होते. उरलेली भूक रोज तशीच राहते, आणि कठीण स्फटिक नेमके तिथेच साठतात. ऊन मात्र रोज आठ-दहा तास असते. त्याचा प्रवाह लहान, पण चिकाटीचा. बॅटरीला शेवटच्या टप्प्यात तेच हवे असते. त्यामुळे लहान होडीवर पॅनेल हे इंजिनला पर्याय म्हणून लावायचे नसते. इंजिनने अर्धवट सोडलेले काम त्याने पुरे करायचे असते.

आणखी एक गैरसमज स्टार्टरबद्दल आहे. स्टार्टर बॅटरी खातो, असे सर्रास म्हटले जाते. तो प्रवाह प्रचंड ओढतो हे खरे, पण क्षणभरच. २०० अँपिअर तीन सेकंद ओढले तरी हिशेब ०.१७ अँपिअर-तासाचा होतो. त्याउलट एक अँपिअर घेणारा दिवा रात्रीचे दहा तास चालला की दहा अँपिअर-तास जातात, म्हणजे स्टार्टर साठ वेळा मारल्याएवढे. बॅटरी रिकामी करतात ते हे शांतपणे चालणारे छोटे भार. ज्या होडीवर जागा आहे तिथे दोन बॅटऱ्या ठेवाव्यात, एक फक्त स्टार्टरसाठी आणि दुसरी दिवे व यंत्रांसाठी. म्हणजे रात्री दिवे मंदावले तरी पहाटे इंजिन सुरू होण्याची खात्री राहते.

वॅटचा हिशेब

आता एक होडी कल्पून आकडे मांडू. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी. रात्रभराचे एलईडी दिशादर्शक दिवे १० वॅटचे, दहा तास : १०० वॅट-तास. जीपीएस आणि फिशफाइंडर मिळून १० वॅट, बारा तास : १२०. वायरलेस ऐकण्यापुरता सुरू, ५ वॅट, बारा तास : ६०. कामाचा दिवा १० वॅट, चार तास : ४०. पंप ४० वॅटचा, एकूण अर्धा तास : २०. मोबाइलसाठी आणखी २०. बेरीज ३६० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टला ३० अँपिअर-तास. शंभरातले तीस वापरले, सत्तर शिल्लक. या जातीच्या बॅटरीला ही मर्यादा मानवते.

हे तीस परत भरायचे कसे? पॅनेलवर लिहिलेले वॅट चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि २५ अंश तापमान असताना मोजलेले असतात. मुंबईत वर्षभराच्या सरासरीने दिवसभराचे ऊन अशा भर उन्हाच्या सुमारे पाच तासांएवढे भरते. उष्णता, धूळ, वायर आणि चार्जिंग आवरणारा कंट्रोलर यांच्यात जाणारी वीज वजा करून सत्तर टक्के हाती येतात असे धरले, तर १०० वॅटचे पॅनेल दिवसाला ३५० वॅट-तास देते. आपल्या कल्पित होडीची गरज ३६०. थोडे काम इंजिनही करतेच, म्हणून १०० वॅट पुरतात.

पॅनेल तिरपे ठेवण्याचा सल्ला घरांच्या गच्चीसाठी बरोबर आहे. नांगरावरची होडी भरतीबरोबर एकीकडे आणि ओहोटीबरोबर दुसरीकडे तोंड करते, त्यामुळे तिच्यावर पॅनेल आडवेच बरे. चारकोप सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि आडवे पॅनेल जवळपास पूर्ण ऊन घेते. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो, तेव्हा आडव्या पॅनेलवर पडणारे दुपारचे थेट ऊन चौथाईने घटते. हिवाळ्यात रात्र मोठी आणि दिव्यांचा वापरही जास्त, हे लक्षात घेऊन पॅनेल निवडावे.

एका दोरीची सावली

घरावरच्या पॅनेलला पाण्याच्या टाकीचा अडथळा होतो. होडीवर डोलकाठी, झेंड्याची काठी, दोऱ्या, वाळत घातलेली जाळी आणि कठड्यावर बसणारे बगळे असतात. हे अडथळे क्षुल्लक वाटतात, पण पॅनेलची रचना पाहिली की त्यांचे गांभीर्य कळते.

१२ व्होल्टच्या पॅनेलमध्ये बहुधा ३६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एकाच प्रवाहाला त्या सगळ्यांतून जावे लागते. एका सेलवर गडद सावली पडली तर पूर्ण रांगेचा प्रवाह त्याच्यापुरता मर्यादित होतो. सेल तापून जळू नये म्हणून मागच्या डब्यात बायपास डायोड असतात. ते सावलीतला गट बाजूला काढतात. अशा पॅनेलमध्ये साधारणपणे दोन गट असतात. एक गट बाजूला पडला की व्होल्टेज निम्म्यावर, नऊच्या आसपास येते. नऊ व्होल्टने बारा व्होल्टची बॅटरी भरत नाही. सावली हाताएवढी असली तरी चार्जिंग अर्धे होत नाही, थांबते.

म्हणून १०० वॅटच्या एका पॅनेलऐवजी ५० वॅटची दोन घेऊन केबिनच्या टपाच्या दोन बाजूंना लावावीत आणि समांतर जोडावीत. डोलकाठीची सावली सकाळी एकावर, दुपारनंतर दुसऱ्यावर पडेल. सावलीबाहेरचे पॅनेल काम करत राहील. पक्ष्यांची शिट आणि वाळलेले मीठ हीदेखील सावलीच. गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पॅनेल पुसणे हे होडीवरचे सर्वांत स्वस्त वीजनिर्मितीचे काम आहे. खाऱ्या पाण्याने धुतले तर पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते.

कंट्रोलर, वायर आणि उष्णता

१२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेल भर कामात १८ व्होल्टच्या आसपास चालते. ते थेट बॅटरीला जोडून विसरले तर बॅटरी भरल्यानंतरही प्रवाह चालू राहतो. पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात, हायड्रोजन सुटतो आणि पट्ट्या उघड्या पडतात. मध्ये बसलेला चार्ज कंट्रोलर हे रोखतो. तो आधी प्रवाह मोकळा सोडतो, मग १४.४च्या आसपास दाब धरून ठेवतो आणि भरल्यावर १३.५च्या आसपास उतरून बॅटरीला फक्त तरती ठेवतो. रात्री बॅटरीतून पॅनेलकडे उलटा जाणारा प्रवाहही तोच अडवतो.

बाजारात पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी असे दोन प्रकार मिळतात. पहिला पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचून आणतो, म्हणून १८ आणि १३ व्होल्टमधला फरक वाया जातो. दुसरा तो फरक प्रवाहात बदलून देतो. पण इथे मुंबईची उष्णता मध्ये येते. फायबरच्या टपावर मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापू शकते. प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के घट धरली तर ४० अंशांच्या वाढीने १६ टक्के जातात. १८ व्होल्टचे पॅनेल १५ व्होल्टवर येते. वाया जाणारा फरकच कमी झाल्यामुळे १०० वॅटच्या पॅनेलला स्वस्त पीडब्ल्यूएम पुरतो. दोनशे वॅटच्या पुढे, किंवा घरावरचे जास्त व्होल्टेजचे पॅनेल वापरायचे असेल, तर एमपीपीटीशिवाय गत्यंतर नाही.

याच १५ व्होल्टमुळे वायर महत्त्वाची होते. पॅनेल ते बॅटरी पाच मीटर, जाऊन-येऊन दहा मीटर तांबे. प्रवाह साडेपाच अँपिअर. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे ०.६४ व्होल्ट गळतात, ४ चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ०.२४. तापलेल्या पॅनेलचे १५ व्होल्ट बारीक वायरमधून १४.३६ होऊन बॅटरीपाशी पोहोचतात आणि शेवटच्या टप्प्याला लागणारे १४.४ कधी गाठलेच जात नाहीत. दिवा लागतो, कंट्रोलरवर हिरवे बटण चमकते, सारे ठीक दिसते आणि बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. पॅनेलखाली चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा सोडली की वारा खेळतो, तापमान उतरते आणि व्होल्टेज सावरते.

उष्णता बॅटरीलाही सोसत नाही. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून ती इंजिनाला चिकटून ठेवू नये. गरम बॅटरीला दाबही कमी लागतो, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे अंदाजे ०.०२४ व्होल्ट. ४० अंशांना हा फरक ०.३६ व्होल्टचा होतो. तापमान ओळखून दाब बदलणारा कंट्रोलर थोडा महाग असला तरी आपल्या हवेत तोच घ्यावा. पाणी भरण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर तपासत राहावे, आणि पेटीला वर हवा जायला जागा ठेवावी, कारण हवेत चार टक्के हायड्रोजन साठला की एक ठिणगी पुरते.

खारी हवा सांध्यांवर हल्ला करते. उघडे तांबे हिरवे पडते आणि प्रवाह अडतो. कथिलाचा मुलामा असलेली वायर, दाबून बसवलेले टोक, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी आणि टर्मिनलवर पेट्रोलियम जेली एवढे केले की सांधा टिकतो. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल. काढताना उलट क्रम.

दोन महिन्यांचा उपवास

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा समुद्रात जाईपर्यंत त्या किनाऱ्यावर ओढून, ताडपत्रीने शाकारून ठेवलेल्या असतात. माणसांची विश्रांती आणि माशांची वीण यांसाठी हा काळ आवश्यक आहे. बॅटरीसाठी मात्र वर्षातला सर्वांत घातक काळ तोच. काहीही न जोडता ठेवलेली बॅटरी स्वतःहून उतरते, उकाड्यात जास्त वेगाने. शेवटच्या फेरीनंतर ऐंशी टक्क्यांवर राहिलेली बॅटरी दोन महिन्यांनी साठीत पोहोचते आणि तेवढ्यात स्फटिक घट्ट होतात. ऑगस्टमध्ये इंजिन सुरू होत नाही आणि नवी बॅटरी घ्यावी लागते.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही सोपे. पहिला, बॅटरी काढून घरी नेणे, पूर्ण भरणे आणि दर महिन्याला पुन्हा भरणे. दुसरा, १० वॅटचे छोटे पॅनेल कंट्रोलरसह ताडपत्रीच्या बाहेर बांधणे. पावसाळी दिवशी भर उन्हाचे तीनच तास धरले तरी ते २१ वॅट-तास, म्हणजे पावणेदोन अँपिअर-तास देते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी दिवसाला स्वतःहून गमावते ते अर्ध्या अँपिअर-तासाच्या आतच. होडी चालवायला हे पॅनेल निरुपयोगी, पण बॅटरी जगवायला भरपूर. मुख्य स्विच मात्र बंद हवा. चालू राहिलेला एखादा सेट सगळी कमाई खाऊन टाकतो.

ऊन आणि समुद्र यांची जुनी ओळख

समुद्रावरचे हे काम पॅनेलला नवीन नाही. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने २५ एप्रिल १९५४ रोजी सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सेल दाखवला. महाग असल्याने तो आधी अंतराळात गेला, १७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर. जमिनीच्या जगात त्याला पहिले खरे गिऱ्हाईक भेटले ते १९७०च्या दशकात समुद्रावर : तेलविहिरींच्या फलाटांवरचे इशाऱ्याचे दिवे आणि जहाजांना वाट दाखवणारे बोये. तिथे वीज नेणे अशक्य आणि बॅटरी बदलायला माणूस पाठवणे पॅनेलपेक्षा महाग. भारतात सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ साली देशातला पहिला सोलर सेल बनवला आणि पुढे ओएनजीसीच्या समुद्रातील मनुष्यविरहित फलाटांसाठीही पॅनेल तयार केली.

आता पॅनेल होडीही चालवू लागले आहे. केरळमध्ये वैकम ते तवणक्कडव या मार्गावर जानेवारी २०१७पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरी धावते. तिच्या छपरावर २० किलोवॅटची पॅनेल आहेत. ती बनवणाऱ्या नॅवाल्ट कंपनीनेच मुंबईच्या माझगाव डॉकसाठी ‘बराकुडा’ ही १४ मीटरची सौर-विद्युत कामकरी नौका तयार केली आणि ती डिसेंबर २०२३मध्ये पाण्यात उतरली. या नौकांवर लिथियमच्या बॅटऱ्या आहेत आणि त्यांचा स्वभाव शिशाच्या बॅटरीपेक्षा उलटा आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट भरलेले राहणे बाधत नाही. दीर्घकाळ ठेवताना तिला निम्म्याच्या आसपास ठेवणेच हिताचे. म्हणून कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडण्याचे बटण असते, आणि ते चुकीच्या जागी राहिले तर चांगली बॅटरीही बिघडते.

मनोरीच्या खाडीतल्या लहान होडीला आज एवढे मोठे पाऊल टाकायची गरज नाही. तिला हवी आहे ती रोज संध्याकाळी पूर्ण भरलेली बॅटरी. पैसे मोजके असतील तर ते या क्रमाने खर्च करावेत : आधी जाड वायर, पक्के सांधे आणि फ्यूज, मग तापमान ओळखणारा कंट्रोलर, आणि शेवटी उरलेल्या पैशांत बसेल तेवढे पॅनेल. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात, मोठे पॅनेल घेतात आणि बारीक वायरने जोडतात. लहान पॅनेलची वीज पूर्ण दाबाने बॅटरीपर्यंत पोहोचली तर ते रोजचे काम नेटाने करते; मोठ्या पॅनेलची वीज वाटेतच गळली तर बॅटरी उन्हातही उपाशी राहते. आठवड्यातून एकदा, रात्रीच्या विश्रांतीनंतर आणि ऊन चढायच्या आधी, मल्टिमीटर लावून आकडा वहीत लिहावा. तो १२.६च्या खाली सरकू लागला की सावली, मीठ, सांधा आणि पाणी हे चार संशयित त्याच दिवशी तपासावेत. बॅटरी वाचवायला तेवढा वेळ पुरतो.